झूल घरीच राहिली होती

वच्छलाबाई दर चातुर्मासात एक नेम धरत आणि तो कोणाला सांगत नसत. एका वर्षी त्यांनी गोड सोडलं होतं. एका वर्षी कोणाच्या पाठीमागं वाईट बोलायचं नाही असं धरलं होतं, आणि तो नेम गोडापेक्षा फार जड गेला, असं पुढं त्या हसून सांगत. यंदाचा नेम मात्र लपण्यासारखा नव्हता. त्यात त्यांची पाच वर्षांची नात, जुई, सामील झाली होती.

नेम असा होता, की रोज घरातली एक वस्तू कोणाला तरी द्यायची आणि दिल्याशिवाय दुपारचं जेवायचं नाही. वस्तू जुनी असली तरी चालेल, पण धुतलेली, पुसलेली, फाटली असेल तर शिवलेली हवी. द्यायची ती दोन्ही हातांनी. आणि एकदा दिली की तिची पुन्हा चौकशी करायची नाही.

प्रतापनगरच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आषाढी एकादशीपासून सकाळ वेगळीच उजाडू लागली. गॅलरीतल्या कोवळ्या उन्हात लोणच्याच्या रिकाम्या बरण्या पालथ्या पडलेल्या असत आणि त्यांतून भिंतीवर पाण्यासारखा उजेड हलत असे. जुई त्या उजेडात हात घालून बसे. मग आजी-नात मिळून जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवत. आजी टाके घाली, नात दोरा ओवून देई. गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं काढून त्यांची नवी वही होई. वर्तमानपत्राच्या पुड्या फुलवालीकडं जात, बरण्या मेस चालवणाऱ्या शेजारणीकडं आणि पिशव्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडं.

पहिल्या दिवशी जुईनं स्वतःचं म्हणून जे द्यायला आणलं, ते तीन तुटके खडू होते.

"तुटके काहून देऊन राहिली वं?" आजीनं विचारलं.

"मला नको आहेत म्हणून."

"तुले नको ते दुसऱ्याले कायले पायजे?"

जुईनं खडूंकडं पाहिलं, आजीकडं पाहिलं. "मग काय द्यायचं?"

वच्छलाबाईंचे हात वातींवर चालले होते. त्या वाती वळता वळताच बोलल्या, "देताना हात थोडासा मागं येते का नाई, ते पाहायचं. ज्याच्यावर हात मागं येते, ते चांगलं देणं."

जुईनं आपला हात पुढं धरला आणि तो मागं येतो का, हे बराच वेळ पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं शार्पनर दिला. त्याच्या वर एक छोटा आरसा होता. देताना तिचा हात खरंच मागं आला, आणि फुलवालीच्या मुलीनं आरशात तोंड पाहिल्यावर जुई घरी येऊन गादीवर उलट्यापालट्या उड्या मारत राहिली. काय झालं ते तिलाही सांगता येईना.

सून मयुरी दवाखान्यात नोकरीला होती. संध्याकाळी दमून येई आणि ओट्यावरचे मोकळे कोपरे पाहून म्हणे, "आई, तुमचा नेम कार्तिकापर्यंत आहे ना? तोवर चहा गाळायला गाळणी उरू द्या म्हणजे झालं."

"गाळणी तुयाच नावाची हाय, तिले कोणी हात नाई लावत," वच्छलाबाई म्हणत. आणि दोघी हसत.

वच्छलाबाईंना हे सगळं फार नवं वाटत नव्हतं. त्यांचं माहेर कन्हान नदीच्या काठावरचं खापा. वडील नत्थूजी विणकर होते. मागावर बसलेलं असताना सूत तुटलं, की ते गाठ मारून पुढं जात, आणि उरलेला बोटभर धागासुद्धा फेकत नसत. शेजारच्या भिंतीत एक खिळा होता, त्यावर तो टांगत. संध्याकाळपर्यंत खिळ्यावर पांढरी मिशी उगवे. आई त्या धाग्यांच्या वाती वळी, आणि देवापुढं जे जळे ते दिवसभरात तुटलेलं सूत असे. घरात वाया जाणं असं काही नव्हतंच, फक्त दुसरीकडं जाणं होतं.

पुढं माग बंद पडला. हातमागाची साडी घ्यायला कोणी येईना. नत्थूजींनी माग विकला नाही, तोडला. मागाचं जाड सागवानी लाकूड, ज्यावर विणलेलं कापड गुंडाळलं जाई, ते त्यांनी सुताराकडं नेलं आणि त्याचा एक बैल करवून घेतला. चार चाकांचा, हातभर लांबीचा, मान थोडी डावीकडं वळलेला. वच्छलाबाईंचा मुलगा संजीव तेव्हा चार वर्षांचा होता, त्याच्या तान्ह्या पोळ्यासाठी. मोठ्या पोळ्याला खरे बैल सजतात आणि दुसऱ्या दिवशी पोरंसोरं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात, खाऊ मिळवतात, ते नागपूरकडं कोणाला सांगावं लागत नाही. बैलाच्या पोटाखाली एक खाच होती. वर्षानुवर्षं मागाचा दोर घासून ती पडलेली होती. सुतार रंधा मारून ती काढणार होता, नत्थूजींनी काढू दिली नाही. आणि मागावर शेवटी जे वीतभर कापड उरलं, पांढरं, लाल काठाचं, त्याची त्यांनी बैलाला झूल केली. त्या हिवाळ्यात ते गेले.

तेव्हापासून दर तान्ह्या पोळ्याला वच्छलाबाईंचे थोरले भाऊ मनोहरराव खाप्याहून येत. बैलाला स्वतःच्या हातानं जवसाचं तेल लावत, झूल घालत, आणि बैलाच्या मागं मागं मैदानापर्यंत चालत. बोलत फारसे नसत.

यंदा पोळ्याच्या सकाळी त्यांचा फोन आला.

"वच्छू, बैल काढला का वं माळ्यावरून?"

"काढून राहिली ना दादा, हात तर पुरू दे."

"मागल्या वर्षी त्याचं मागचं चाक आवाज करे. उद्या पयल्या बसनं येतो, तेल घेऊन. तू हात नको लावजो."

"बरं बावा, नाई लावत."

पण त्यांनी हात लावलाच. बैल माळ्यावरून काढला, मऊ कापडानं पुसला आणि मांडीवर घेऊन देवघरासमोर बसल्या. त्यांचं बोट आपोआप पोटाखालच्या खाचेत गेलं आणि तिथंच राहिलं. जुई समोर उकिडवी बसून पाहत होती.

"आजी, तुझं बोट कुठे गेलं?"

"खाचेत."

"काढ ना."

"काढतो वं, थांब जराशी."

जुई थांबली. बरंच थांबली. आजीचं बोट काही बाहेर आलं नाही. कुकरची शिट्टी झाली तेव्हा कुठं वच्छलाबाईंनी बैल देवघराशेजारी ठेवला, झूल घडी करून त्याच्या पाठीवर ठेवली आणि पुरण वाटायला उठल्या.

त्या दिवशी सगळ्यालाच उशीर झाला. पुरण झालं, कढी झाली, वडे झाले, नैवेद्य दाखवून झाला. मयुरी कामावर होती, संजीव बुटीबोरीला पाळीवर. आणि दोन वाजले तरी त्या दिवसाचं देणं राहिलंच होतं. फुलवाली सणाच्या गर्दीत लवकर माल संपवून गेली होती. शेजारणीच्या दाराला कुलूप होतं. वच्छलाबाईंचे पाय दुखायला लागले होते.

"आज तूच पाहय बाई काहीतरी," त्या जुईला म्हणाल्या, "मी जराशी टेकतो."

चटईवर त्या कुशीवर झाल्या. खिडकीबाहेर शेजारच्या प्लॉटवर नवी इमारत उठत होती. पोळ्याचा दिवस असूनही तिथं कोणीतरी लोखंडी सळई ठोकत होतं, एका लयीत, खट् आणि खट्. पोटात काही नसताना येते तशी हलकी झापड डोळ्यांवर आली आणि ती ठोकाठोक हळूहळू खाप्याच्या घरातली झाली. बाबा मागावर बसले होते. त्यांची पाठ दिसत होती, चेहरा नाही. समोर कन्हानचं पात्र होतं, पण पाणी पांढरं होतं, ताण्यासारखं, एकेक धागा वेगळा दिसणारं. त्या पाण्यावरून बैल चालत निघाला होता. त्याचे पाय भिजत नव्हते. मागचं चाक घर्र घर्र वाजत होतं, दूर दूर जात होतं, पायऱ्या उतरल्यासारखं थांबत थांबत. वच्छलाबाईंना वाटलं, दादाला सांगायला हवं, चाक खरंच वाजतं. आणि सांगायचं सांगायचं म्हणता त्यांचा डोळा आणखी खोल लागला.

जाग आली तेव्हा जुई त्यांच्या उशाशी बसली होती. फ्रॉकला विटांचा लाल धुरळा लागला होता. चेहऱ्यावर कोणीतरी दिवा लावून ठेवल्यासारखं तेज होतं.

"आजी, आजचं देऊन झालं. आता तू जेव."

नातीनं आपल्या जेवणासाठी धडपड केली, याच आनंदात वच्छलाबाई उठल्या. काय दिलं, कोणाला दिलं, हे विचारायचं नाही असा नेमच होता. त्यांनी पान वाढून घेतलं, चित्रावती घातल्या, पहिला घास मोडला. आणि तो हातात असतानाच त्यांची नजर देवघराकडं गेली. तिथं जमिनीवर झूल होती. घडी केलेली, नीट ठेवलेली. झुलीखाली काही नव्हतं.

घास पानात परत गेला.

"जुई, बैल कुठी हाय?"

"दिला."

"कोणाले?"

"तूच म्हणालीस ना, विचारायचं नाही," जुई म्हणाली. पण तिलाच राहवेना. "तिकडे घर बांधतात ना, तिथल्या मुलीला. तिच्याकडे बैल नव्हता, उद्या तान्हा पोळा आहे. मी दोन्ही हातांनी दिला, आजी. जड होता, पायऱ्यांवर मी थांबत थांबत नेला."

"पण बाई, बैलच काहून?"

जुईला हा प्रश्न फार सोपा वाटला. "तुझं बोट त्याच्यातून निघतच नव्हतं ना, म्हणून. तू तर रोज बरण्याच देतेस. बरणीवरून तुझा हात पटकन निघतो. मी रोज पाहते."

वच्छलाबाईंची नजर पुन्हा त्या झुलीवर गेली. दीड महिना बरण्या घासल्या होत्या, पिशव्या शिवल्या होत्या, आणि एकदाही हात मागं आला नव्हता, हे त्या पोरीनं पाहिलं होतं आणि त्यांनी पाहिलं नव्हतं. आता त्या नुसत्या 'अरेरे' म्हणाल्या असत्या तरी पोरीच्या चेहऱ्यावरचा तो दिवा विझला असता. पाच वर्षांचा हात आत्ता कुठं उघडायला लागला होता. तो आज मिटला तर पुन्हा कधी, कसा उघडेल, हे कोणाला माहीत? आणि दुसरीकडं बाबांचा माग होता, त्याचं उरलेलं तेवढं एक लाकूड होतं, आणि पहाटेच्या बसनं निघणारा भाऊ होता.

त्यांनी पानावर ताट झाकलं. "मंग जेवतो," त्या म्हणाल्या, "पोट भरल्यासारखं वाटून राहिलं."

मयुरी साडेचारला आली. जुई गॅलरीत खेळत होती. सासूचा चेहरा पाहून मयुरीनं पाणीही न पिता विचारलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"त्यात काय आई, मी जाऊन मागून आणते. लहान लेकरानं न विचारता दिलेलं, कोणीही परत देईल. त्यांना दुसरा बैल आणून देऊ बाजारातून, रंगीत, घुंगरवाला. तिला तोच आवडेल जास्त."

"आन जुईले काय सांगशीन?"

मयुरीनं पिशवी खाली ठेवली. "ते नाही मला सुचत," ती खरेपणानं म्हणाली. "पण मामांना काय सांगाल, तेही नाही सुचत."

तेवढ्यात त्यांचाच फोन आला. तेल बाटलीत भरून ठेवलं आहे, बसची वेळ विचारून आलो, असं मनोहररावांनी सांगितलं. वच्छलाबाई हो हो म्हणत राहिल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी देवापुढं हात जोडले. पण काय मागावं ते कळेना, म्हणून नुसत्याच उभ्या राहिल्या. मग झूल उचलली आणि शिवलेल्या पिशवीत टाकली. बैल परत आणताना त्याला गुंडाळायला काहीतरी हवंच होतं. एका दिवसापुरता मागू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. फक्त उद्याचा दिवस. दादानं पाहिला, तेल लावलं, की संध्याकाळी पुन्हा देऊन टाकू. एवढं देवही समजून घेईल. पण जिना उतरताना पायरीपायरीला त्यांना वाटत राहिलं, की देव समजून घेईल, जुई नाही घेणार. आणि जुई त्यांचं बोट धरून शेजारीच उतरत होती.

"आपण बघायला चाललो का, आजी?"

"हो वं."

"पण चौकशी नाही करायची."

"नाई करत."

प्लॉटवर पत्र्याच्या कुंपणाआड चार झोपड्या होत्या. पाऊस दोन दिवस थांबला होता, आणि साचलेल्या पाण्यात अर्ध्या बांधलेल्या इमारतीचं चित्र उलटं पडलं होतं. वरचे मजले खाली, आणि त्यांच्या खिडक्यांतून मावळतीचा उजेड वाहत होता. ठोकाठोक बंद झाली होती. विटांच्या चुलीतून धूर सरळ वर चालला होता.

एक बाई चुलीपाशी बसली होती. वच्छलाबाईंना पाहून तिनं डोक्यावर पदर घेतला. तिच्या बाजूला एक घमेलं पालथं घातलेलं होतं, त्यावर लाल फडकं, आणि फडक्यावर बैल. त्याच्या कपाळाला हळद होती, शिंगांना झेंडूची पाकळी चिकटवलेली होती. समोर पळसाच्या पानावर बेसनाच्या तळलेल्या कांड्या आणि गूळ घातलेल्या छोट्या खुसखुशीत वड्या होत्या. जुईएवढीच एक मुलगी बैलाशेजारी गाल टेकून बसली होती. तिचा एक हात बैलाच्या पोटाखाली होता. वच्छलाबाई थोड्या वाकल्या. मुलीचं बोट खाचेत होतं.

खाच आहे हे तिला कोणीच सांगितलेलं नव्हतं.

"आइए माँजी," ती बाई म्हणाली. तिचं नाव सुकवारो, छत्तीसगडकडची. "हमारे गाँव में भी आज पोरा है. नोनी सुबह से रो रही थी, नंदिया बैला चाहिए. यहाँ कहाँ से लाऊँ? फिर आपकी बच्ची खींचते-खींचते ले आई."

वच्छलाबाईंनी पिशवीचे बंद घट्ट धरले. मागायचे शब्द त्यांनी जिन्यातच जुळवून ठेवले होते. पण सुकवारोनं त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. चेहरे वाचायला तिला वेळ लागत नसावा. ती उठली, फडक्यासकट बैल उचलला आणि पुढं धरला.

"मैंने पूछा था बच्ची से, घर में मालूम है क्या. बोली, आज का देना है. ले जाइए माँजी. घर की पुरानी चीज है, हाथ लगाते ही समझ में आ गया था. मैंने पूजा कर ली, नोनी ने खेल लिया, हो गया हमारा पोरा."

तिची मुलगी रडली नाही. नुसतं खाचेतून निसटलेलं बोट मुठीत धरून उभी राहिली.

आता मागायलाही नको होतं. फक्त दोन्ही हात पुढं करायचे होते. जुईचा हात वच्छलाबाईंच्या हातात होता. तो घट्ट झाला नाही, सैलही झाला नाही. नुसता थांबला. दुपारपासून त्या पोरीचं सगळं जग जणू त्या हातात येऊन थांबलं होतं.

धूर सरळ वर जात होता. कुठंतरी मागाचा आवाज होईल असं वच्छलाबाईंना वाटलं, पण झाला नाही. त्यांना भिंतीवरचा खिळा आठवला, त्यावरची पांढरी मिशी. तुटलेलं सूत बाबा आपल्याजवळ ठेवायला नव्हते टांगत. वातीकडं जायला टांगत होते.

"नाई वं बाई," त्या सावकाश म्हणाल्या, "मी त्याले न्याले नाई आली."

क्षणापूर्वीपर्यंत हे खरं नव्हतं, आणि म्हणताना खरं झालं. त्यांनी पिशवीत हात घातला.

"त्याची झूल घरीच राहिली होती. ते द्याले आली."

पांढरं कापड, लाल काठ. बाहेर काढलं, उलगडलं. देताना त्यांचा हात मागं आला. चांगलाच मागं आला, छातीपर्यंत. तो तिथं थोडा वेळ राहिला आणि मग पुढं गेला. जुईनं ते नीट पाहिलं, आणि एवढंच म्हणाली, "हां, आता बरोबर."

सुकवारोनं बैल पुन्हा घमेल्यावर ठेवला, दोन्ही हात धुतले, पदराला पुसले, आणि झूल घेतली. काठावरून बोट फिरवून म्हणाली, "हाथ का बुना है. अब तो देखने को नहीं मिलता." मग ती म्हणाली, तसंच रिकाम्या हातानं कसं जाऊ देऊ, आणि पळसाच्या पानावरच्या त्या कांड्या आणि वड्या पुढं केल्या. "ठेठरी-खुरमी है. खा के जाइए, पोरा के दिन बिना खाए नहीं जाते."

वच्छलाबाई तिथल्या एका फळीवर बसल्या. सकाळपासूनचा पहिला घास त्यांनी तिथं खाल्ला, विटांच्या ढिगाशेजारी, आणि तो गोड होता. जुई आणि ती मुलगी बैलाला झूल घालत होत्या. उलटी घातली, मग सुलटी. जाताना सुकवारोनं उरलेली खुरमी वच्छलाबाईंच्याच पिशवीत भरून दिली.

सकाळी मनोहरराव आले. चहा घेतला, धोतराच्या सोग्यानं मिशी पुसली आणि देवघराकडं पाहिलं.

"बैल कुठी हाय वं?"

"मैदानात. आपल्या पयले पोचला," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांनी खुरमीची बशी भावापुढं सरकवली, आणि ते खाता खाता सगळं सांगितलं, काही न लपवता. जिन्यात मनात काय होतं तेही सांगितलं. मनोहरराव ऐकत राहिले. खुरमी चावायचे मध्येच थांबले, मग पुन्हा चावू लागले.

"झूल बी देल्ली?"

"हो दादा."

"बाबाची."

"हो."

ते उठले, पिशवी खांद्याला लावली आणि चपला घातल्या. वच्छलाबाईंना वाटलं, आता हा सरळ बसस्टँडवर जातो. पण ते मैदानाकडं वळले. वच्छलाबाई आणि जुई त्यांच्या मागं चालल्या.

देवळासमोरच्या मैदानात बैलांची रांग लागली होती. मोठे, छोटे, चंदेरी, थर्माकोलच्या देखाव्यात उभे केलेले. जुई भराभर पुढं गेली. रांगेच्या शेवटी, लाल काठाची पांढरी झूल घातलेला, मान डावीकडं वळलेला एक बैल होता. त्याची दोरी धरून तेल लावलेल्या केसांची एक मुलगी ताठ उभी होती. सुकवारो जरा लांब, झाडाखाली.

"ते पोरगी कोणाची?" मनोहररावांनी विचारलं.

"ती बैलाची आहे," जुई म्हणाली.

रांग हलली. बैल चालू लागले, आणि ढोलाच्या आवाजातूनही एक आवाज वेगळा ऐकू येत होता. घर्र, घर्र. मनोहररावांच्या कपाळाला आठी पडली. ते पुढं गेले आणि बैलाच्या बाजूला, ओल्या मातीत, सरळ मांडी ठोकून बसले. मुलगी घाबरून दोरी मागं ओढायला लागली.

"थांब वं बेटी. रुक जा," ते म्हणाले. "त्याचं चाक बोलून राहिलं. ऐकू नाई येत का तुले?"

त्यांनी पिशवीतून जवसाच्या तेलाची बाटली काढली. मागच्या चाकात दोन थेंब सोडले, चाक बोटानं फिरवलं, पुन्हा दोन थेंब सोडले. मग उरलेलं तेल हातावर घेऊन बैलाच्या पाठीला, मानेला, शिंगांना चोळलं. झूल वर करून पोटालाही चोळलं. कोणाला घाई नव्हती. रांग पुढं गेली होती आणि मागं हे एवढेच राहिले होते.

"दर साली लावजो," त्यांनी त्या मुलीला सांगितलं. "हर साल. समझी?"

मुलगी समजली की नाही कोण जाणे. तिनं मान हलवली आणि बैल ओढून पाहिला. चाक वाजलं नाही. ती पळत सुटली, आणि बैल तिच्या मागं.

मनोहरराव गुडघ्यावर हात ठेवून उठले. बहिणीकडं पाहिलं नाही, लांब गेलेल्या बैलाकडं पाहत म्हणाले, "आजचं देणं झालं का वं तुयं?"

"नाई अजून."

"मंग जेवाले उशीर हाय म्हणायचा." त्यांनी रिकामी बाटली जुईच्या हातात दिली. "हे घे. घासून ठेव, कोणाच्या तरी कामी येईन."

जुईनं बाटली डोळ्याला लावली. आत तेलाचा पातळ पिवळा पडदा राहिला होता. त्यातून पाहिलं तर मैदान नव्हतंच. सगळीकडं सोनेरी पाणी होतं, आणि त्या पाण्यावरून बैल चालले होते, एकामागून एक, पाय न भिजवता.

"आजी," ती म्हणाली, "ही आज नको. उद्या देऊ."